संशोधक घडविण्याची एकदिवसीय पद्धत

विद्यापीठीय परिषदेच्या आदल्या दिवशी, पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांचा विषय सोडून बाकी सर्व काही शिकवण्यासाठी जो कार्यक्रम भरतो, त्याला 'व्यावसायिक विकास कार्यशाळा' म्हणतात. शोधनिबंध कसा लिहावा, तो कुठे पाठवावा, कुठे पाठवू नये, व्यासपीठावर कसे उभे राहावे आणि एवढे सगळे झाल्यावर नोकरी कशी मागावी, हे तिचे नेहमीचे विषय. संशोधन कशावर करावे, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. तो गाइडने प्रवेशाच्या दिवशीच निकालात काढलेला असतो.

परिषद राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय, हे वक्त्यांच्या पत्त्यांवरून ठरते. राज्याबाहेरचा एक वक्ता मिळाला की परिषद राष्ट्रीय होते. दक्षिण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना बेळगाव जवळ पडते; पण बेळगावच्या वक्त्याला राज्याबाहेरचा म्हणून छापले तर सीमाप्रश्नावरची आपली बाजू लेखी सोडून दिल्यासारखे होते, म्हणून पणजी बरी. आंतरराष्ट्रीय होण्यासाठी दुबईत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला एखादा माजी विद्यार्थी पडद्यावर दिसावा लागतो. 'माझा आवाज येतोय का?' आणि 'सर, तुम्ही म्यूटवर आहात' एवढीच वैचारिक देवाणघेवाण झाली, तरी बॅनरवरचा शब्द खोटा ठरत नाही.

अशा कार्यशाळांचा नमुना अमेरिकेतला. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांची 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट' ही संघटना दर वर्षी जे भले मोठे अधिवेशन भरवते, त्याचे सुरुवातीचे दिवस याच कामासाठी राखलेले असतात. तिकडे या शिक्षणाला खरोखरीची गरज होती. 'मॉडर्न लँग्वेज असोसिएशन'च्या अधिवेशनात प्राध्यापकपदाच्या प्राथमिक मुलाखती अनेक वर्षे हॉटेलच्या खोल्यांत चालत. खोलीतल्या दोन खुर्च्या मुलाखत घेणाऱ्यांच्या, आणि उमेदवाराच्या वाट्याला कधी कधी पलंगाचा काठ. पलंगाच्या काठावर बसून मिल्टनवर गांभीर्याने कसे बोलावे, हे कुणीतरी शिकवायलाच हवे होते. महाराष्ट्रात उमेदवाराला खुर्ची देतात. इथल्या अडचणी खुर्चीत बसल्यानंतरच्या आहेत, आणि ज्या आकड्याची चर्चा महाविद्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दबक्या आवाजात चालते, तो आकडा कार्यशाळेच्या कुठल्याही पीपीटीत नसतो. एच-इंडेक्सशी त्याचा संबंध नाही.

कार्यशाळा का भरते हे समजण्यासाठी, दालनातल्या प्रत्येकाला कुठला कागद हवा आहे ते पाहावे. महाविद्यालयाला नॅकचे गुण हवे असतात. १९९४ साली स्थापन झालेल्या या बंगळुरूच्या मूल्यांकन परिषदेच्या प्रश्नावलीत, संशोधन पद्धती, बौद्धिक संपदा आणि उद्योजकता यांवर गेल्या पाच वर्षांत किती कार्यशाळा घेतल्या, असा सरळ प्रश्न राहत आला आहे. त्यांतून कोण काय शिकले, असा प्रश्न नाही, कारण त्याला पुरावा जोडता येत नाही. कार्यशाळेला येतो. जिओटॅग केलेल्या फोटोखाली अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटते, आणि त्या दिवशी महाविद्यालय पृथ्वीवर नेमके कुठे होते हे निर्विवाद सिद्ध होते. वक्त्याला पदोन्नतीच्या फाइलसाठी निमंत्रणपत्र हवे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१० सालच्या नियमावलीने प्राध्यापकांच्या आयुष्यात 'एपीआय'चे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण आणले, तेव्हापासून व्याख्यान ऐकायला कोण होते यापेक्षा ते दिल्याचे पत्र कुणाच्या सहीचे आहे, याला महत्त्व आले. विद्यार्थ्याला कोर्सवर्कची किमान बारा क्रेडिट पुरी करायची असतात, शिवाय सहामाही प्रगती अहवालात 'या कालावधीतील उपक्रम' या रकान्यात काहीतरी लिहायचे असते. अशा रीतीने प्रत्येकाला हवा असलेला कागद दुसऱ्या कुणाकडे तरी असतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे येणे फिटते. मध्येच एखादा काही शिकून गेलाच, तर ते जमाखर्चात दाखवायला रकाना नाही.

तयारीचा प्रारंभ माहितीपत्रकापासून होतो. चार पानी पत्रकाची तीन पाने मुख्य आश्रयदाते, आश्रयदाते, मार्गदर्शक, सल्लागार, निमंत्रक, सहनिमंत्रक, संयोजन सचिव आणि सदस्य यांनी व्यापलेली असतात. त्यातून उरलेल्या जागेत विषय, शुल्क आणि बँकेचा आयएफएससी कोड. या यादीवरून महाविद्यालयातले गट-तट बाहेरच्या माणसालाही अचूक वाचता येतात. 'सल्लागार' म्हणून ज्यांची नावे आहेत त्यांचा सल्ला कुणी घेतलेला नसतो.

उद्घाटनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ते पाहिले नाही असा माणूस राज्यात सापडणे कठीण. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, विद्यापीठगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार. पूर्वी शाल आणि श्रीफळ देत, आता पर्यावरणाचे भान म्हणून कुंडीतले रोप देतात, आणि ते रोप मांडीवर घेऊन प्रमुख पाहुण्यांना परतीचा प्रवास एसटीने करावा लागतो. प्रमुख पाहुणे 'दुसऱ्या एका कार्यक्रमाला जायचे असल्यामुळे' भाषणानंतर निघतात. सकाळी साडेनऊला सुरू व्हायचा कार्यक्रम अकराला सुरू झालेला असतो, आणि बुडालेला दीड तास नेहमी सत्रांमधूनच कापला जातो. सत्कारांमधून कधी कापल्याचे उदाहरण नाही.

पहिले सत्र संशोधन पद्धतीचे. या सत्राचा गाभा एका आकड्यात आहे, आणि तो आकडा ३८४. रॉबर्ट क्रेजसी आणि डॅरिल मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता प्रसिद्ध केला. किती मोठ्या लोकसमूहासाठी किती जणांचा नमुना घ्यावा, हे त्यात दिलेले आहे. समूह दहा लाखांचा असला की नमुना ३८४ चा, आणि त्यापुढे समूह कितीही वाढला तरी आकडा जवळपास तिथेच थांबतो. पंचाण्णव टक्के विश्वासपातळी आणि अधिकउणे पाच टक्के चूक धरली की गणित तसेच येते. त्यात लबाडी काही नाही. पण वाणिज्य, व्यवस्थापन आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा आकडा ज्या श्रद्धेने धरला आहे, ती पाहून गणितालाही संकोच वाटावा. ग्राहकांचे समाधान असो, बचत गटांचे सक्षमीकरण असो की शिक्षकांचा ताणतणाव, प्रत्येक प्रबंधात ३८४ माणसे येतात, पाच पर्यायांतून एक निवडतात आणि निघून जातात. हे पाच पर्याय रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली घालून दिले, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत'. मधला पर्याय 'सांगता येत नाही' हा आहे, आणि प्रश्नावली भरणाऱ्याला घाई असली की उत्तरे तिथे सरळ रेषेत पडतात.

तक्त्याची एक अट मात्र कार्यशाळेत घाईने उरकली जाते. नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडलेला हवा, म्हणजे समूहातल्या प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी हवी. प्रत्यक्षात गुगल फॉर्म प्रथम सख्ख्या भावंडांना जातो, मग मावसभावांना, मग मावसभावाच्या बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर. या मार्गाने दोनशे नव्वदपर्यंत जाता येते. उरलेले चौऱ्याण्णव कुठून येतात, हा पद्धतीशास्त्रातला प्रश्न नसून श्रद्धेचा आहे, आणि व्हायवाच्या वेळी बाहेरून आलेले रेफ्रीही तो विचारत नाहीत, कारण त्यांच्याही प्रबंधात ३८४ होते. पुढे ली क्रॉनबाख यांच्या १९५१ सालच्या अल्फाची पाळी येते. अल्फा ०.७ च्या वर आला की प्रश्नावली विश्वासार्ह मानतात. मावसभावांचा अल्फा फार चांगला येतो, कारण ते सगळे एकाच वेळी, एकाच ओट्यावर बसून फॉर्म भरतात.

याच सत्राला जोडून एसपीएसएसचे प्रात्यक्षिक असते. १९६८ साली समाजशास्त्रांसाठी तयार झालेली ही आज्ञावली २००९ मध्ये आयबीएमने विकत घेतली, तिचा परवाना महाग आहे, आणि तो एकाच संगणकावर असतो. कार्यक्रमपत्रिकेत सत्राला 'हँड्स-ऑन' म्हटलेले असले तरी हात फक्त वक्त्याचे चालतात. बाकीचे साठ जण पडद्याचे फोटो काढतात. कुठल्या मेनूत कुठे क्लिक करायचे हे त्या फोटोंत नीट दिसते. टी-टेस्ट कधी वापरायची आणि कधी वापरायची नाही, हे फोटोत येत नाही.

प्रकाशनावरचे सत्र सर्वांत गंभीर असते, कारण त्यात भीती असते. कुठले नियतकालिक खरे आणि कुठले पैसे घेऊन काहीही छापणारे, हे ओळखायला इथे शिकवतात. त्यासाठी २००५ सालची एक गोष्ट सांगतात. एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकशास्त्राचे निरर्थक शोधनिबंध आपोआप तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून निघालेला एक निबंध एका परिषदेने स्वीकारलाही. ही गोष्ट ऐकून सभागृहात हशा होतो, आणि मागच्या रांगेतला एखादा विद्यार्थी त्या प्रोग्रॅमचे नाव हळूच वहीत लिहून घेतो.

आपल्याकडे या विषयाचा अभ्यासक्रम यूजीसी ठरवते आणि वेळोवेळी मोडते. आधी मान्यताप्राप्त नियतकालिकांची एक अवाढव्य यादी होती. तिच्यातून २०१८ च्या मे महिन्यात ४,३०५ नावे एका फटक्यात काढली. मग 'केअर' यादी आली, २०१९ मध्ये, आणि तिचे मुख्य काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चालू लागले. त्यानंतरची पाच-सहा वर्षे राज्यातल्या बहुतेक कार्यशाळांत 'केअर यादी कशी पाहावी' हे एक सत्र अचूक असे. यादीत नाव शोधायचे, संकेतस्थळ तपासायचे, हुबेहूब नाव घेतलेल्या बनावट नियतकालिकापासून सावध राहायचे, असे सगळे. अनेकांचे अख्खे व्याख्यानजीवन या एका विषयावर उभे राहिले. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने यादीच बंद केली आणि नियतकालिक निवडण्याचे निकष सुचवून जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर टाकली. पीपीटी मात्र तयार होती. तीच आता 'केअर यादीनंतरची आव्हाने' या शीर्षकाखाली दाखवतात, शेवटच्या दोन पाट्या बदलून. या सत्राच्या अखेरीस प्रश्नोत्तरे होतात आणि त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: लवकर कुठे छापून येईल?

वाङ्मयचौर्यावरचे सत्र याच्या पाठोपाठ. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे, दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पुढच्या पायऱ्या आहेत, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळलेले वाक्य मोजणीतून वगळता येते. नियमाचा हेतू दुसऱ्याचे लेखन चोरू नये असा आहे. श्रोत्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा की पंधरावा शब्द बदलावा. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर 'शोधशुद्धी' योजनेतून विद्यापीठांना मिळते, तपासून झालेले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर चढतात, आणि पुढच्या वर्षीचे प्रबंध मग त्यांच्याशी जुळतात. २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी आल्यापासून या सत्राला दुसरा भाग जोडला गेला आहे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर का करू नये, हे सांगितले जाते, आणि त्या भागाच्या पीपीटीतली चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली असतात. हात पाहिले तर बोटे सहा निघतात.

एखाद्या कार्यशाळेत मात्र असा एक वक्ता येतो, ज्याने आयुष्यात बरेच प्रबंध रेफ्री म्हणून वाचलेले आहेत आणि ज्याला आता कुठलेही गुण मिळवायचे उरलेले नाहीत. तो पीपीटी आणत नाही. प्रबंध हातात घेतल्यावर आपण प्रथम संदर्भसूची का उघडतो, सारांशात 'सदर संशोधन अत्यंत महत्त्वाचे आहे' हे वाक्य दिसले की पुढे काय समजतो, निष्कर्षाच्या प्रकरणात दहापैकी आठ शिफारशी शासनाला का केलेल्या असतात आणि शासन त्या का वाचणार नाही, हे तो साध्या शब्दांत सांगतो. सभागृहात प्रथमच मोबाइल खाली ठेवले जातात. या माणसाला दिवसभर बोलू द्यावे अशी त्याची योग्यता असते. पण त्याला जेवणाआधीची पंधरा मिनिटे मिळतात, आणि बाराव्या मिनिटाला संयोजन सचिव चिठ्ठी पाठवतात.

जेवणात मसालेभात, मठ्ठा, जिलेबी. इथे पाश्चात्त्य कार्यशाळांत ज्याला 'नेटवर्किंग' म्हणतात ते घडते. तिकडे माणसे आपापले संशोधन दोन वाक्यांत सांगतात आणि कार्डे देतात. इकडे पहिला प्रश्न 'तुम्ही कुणाकडे?' हा असतो, आणि सोयरीक जुळवताना मूळ गाव विचारावे तसे त्यावरून पुढचे सगळे कळते. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, म्हणून एकाच गाइडचे विद्यार्थी एकमेकांना ओळखतातच. इथे त्यांना गाइडचे गाइड भेटतात. त्यांच्या पाया पडावे लागते, ताट हातात असले तरी.

दुपारच्या सत्रात 'तीन मिनिटांत प्रबंध' ही स्पर्धा घेण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. तिचा जन्म २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात झाला. तेव्हा तिकडे तीव्र दुष्काळ होता, आणि पाणी वाचावे म्हणून लोक न्हाणीघरात अंडी उकडण्याचे तीन मिनिटांचे घड्याळ लावून शॉवर घेत. त्या घड्याळावरून ही कल्पना निघाली. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील. तोच तीन मिनिटांत, एका स्थिर पाटीच्या आधाराने, कुणालाही समजेल असा सांगायचा. मराठवाड्याने याहून कडक दुष्काळ पाहिले आहेत, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पण त्यातून भाषणे आखूड करण्याची कल्पना कुणाला सुचल्याची नोंद नाही. त्यामुळे आयात केलेल्या या स्पर्धेला इथे थोडे वेगळे वळण लागले. स्पर्धक प्रथम आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि मित्रमैत्रिणी यांना संबोधतो, मग आपले नाव, संशोधन केंद्राचे नाव आणि गाइडचे नाव पदव्यांसह सांगतो, मग संधी दिल्याबद्दल आभार मानतो. एव्हाना दीड मिनिट गेलेले असते. प्रबंधाचे शीर्षक वाचायला आणखी अर्धे मिनिट लागते, कारण 'महाराष्ट्रातील निवडक जिल्ह्यांतील' पासून 'एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ' पर्यंत ते पसरलेले असते. उरलेल्या मिनिटात संशोधनाची गरज सांगून होते. घंटा वाजते तेव्हा निष्कर्ष यायचे असतात. ते यायचे असतात हे प्रबंधाच्या बाबतीतही खरेच असते.

शेवटचे सत्र नोकरीचे. ते घेणारे प्राध्यापक नव्वदच्या दशकात कायम झालेले असतात, म्हणून त्यांचा सूर आशावादी असतो. श्रोत्यांतले निम्मे तासिका तत्त्वावर शिकवतात आणि मानधनाची वाट पाहण्यात तरबेज आहेत. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या शासकीय संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यांना वाट पाहण्याचा अनुभव याहून थोडा अधिकच. यातल्या अनेकांनी पीएच.डी.ला नाव घातले ते यूजीसीच्या २०१८ च्या भरतीविषयक नियमामुळे. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचे तर जुलै २०२१ पासून पीएच.डी. आवश्यक, असे त्यात म्हटले होते. मग ती मुदत जुलै २०२३ पर्यंत वाढली. ती संपली त्याच दिवशी अट उठली, आणि नेट किंवा सेट पुरेशी ठरली.  प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात असलेल्या माणसाला आता या पदवीची सक्ती नाही असे सांगणे, ही गोष्ट कुठल्याच नियमावलीत क्रूरता म्हणून नोंदवलेली नाही. कार्यशाळेत या सगळ्यावर 'सॉफ्ट स्किल्स' हा उपाय सुचवतात. अर्जावरचा फोटो प्रसन्न असावा, हेही सांगतात.

समारोपात दोन विद्यार्थी मनोगत व्यक्त करतात. हे दोघे सकाळीच निवडलेले असतात आणि कार्यशाळा कशी झाली हे त्यांना तेव्हापासून माहीत असते. त्यानंतर पडद्यावर क्यूआर कोड येतो. अभिप्राय भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही, म्हणून सगळ्या रकान्यांत 'उत्कृष्ट' भरले जाते, अगदी 'भोजन व्यवस्था' आणि 'तांत्रिक साहाय्य' या रकान्यांतही, वायफाय दिवसभर बंद असले तरी. लायकर्ट यांच्या पाच पर्यायांपैकी चार तिथे अस्पर्श राहतात. आभारप्रदर्शनात वीज मंडळापासून मंडपवाल्यापर्यंत सर्वांचा उल्लेख होतो, आणि गटछायाचित्रात अक्षांश-रेखांश नीट आले की नाही हे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे समन्वयक स्वतः तपासतात.

राहता राहिले प्रमाणपत्र. प्रबंध जमा करण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचावे आणि एक छापून आणावा, ही २०१६ ची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली, पण ज्या विद्यापीठांच्या तपासणी यादीत तो रकाना अजून आहे तिथले लिपिक रकाना पाहतात, राजपत्र नव्हे. म्हणून प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते. ते पंधरा दिवसांनी ई-मेलने येते. त्यावर कुलगुरूंपासून समन्वयकापर्यंत पाच सह्या स्कॅन केलेल्या असतात, आणि विद्यार्थ्याच्या नावातली वडिलांच्या नावाची किंवा आडनावाची एखादी वेलांटी चुकलेली असते. दुरुस्तीसाठी संयोजन सचिवांना कळवायचे असते. दुरुस्त प्रत बहुधा प्रबंध जमा झाल्यावर मिळते. तोपर्यंत, चुकीच्या नावाची व्यक्ती आणि आपण एकच आहोत असे प्रतिज्ञापत्र तहसील कार्यालयात करून जोडले तर चालते. तीन प्रतींत.